पत्रावळी आणि तोंडं

"आता सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसलाच, तर माझा तुमच्यावरचा उडेल."

पोफळ्यांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. मी गोष्ट सांगायला लागलो की ते चष्मा काढतात. जन्मभर विमा विकलेला माणूस. म्हणतात, सातपुते, तुमचं ऐकताना नीट दिसायची गरज नसते. त्यांच्या शेजारी तांबोळी, एसटीचे निवृत्त कंट्रोलर, बशीतल्या चहावर फुंकर मारत बसलेले. आम्ही नाशिकला मुलाकडे राहायला आलो तेव्हापासून गुरुवारची संध्याकाळ आमच्याच हॉलमध्ये जाते. भिंतीवर आमच्या हिच्या मानलेल्या भावाचा फोटो, त्याचा हार अजून नवा. आत ही, म्हणजे कमल, मिक्सरवर चटणी वाटत होती. मिक्सर चालू असला की माझी गोष्ट मोकळी चालते.

विषय पोफळ्यांच्या नातवावरून निघाला. पोरगा नोकरी सोडून घरात बसला होता आणि विचारलं की 'अफिलिएट मार्केटिंग करतो' म्हणायचा.

"मिक्सर बनवतो कुणी, घेतो कुणी, आणि मधे दलालीला आमचा नातू उभा," पोफळे म्हणाले. "आणि शब्द तरी काय एकेक. ट्रॅफिक म्हणे. कन्व्हर्जन म्हणे. रिबिल म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, मराठीत सांग, तर म्हणतो याला मराठीत शब्द नाहीत."

"आहेत," मी म्हणालो. "सगळे आहेत. सरकारी कागदावर, लाखेच्या सीलसकट. मी स्वतः उभं राहून लिहून घेतलेत."

"कधी?"

"वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या गावी, सोलापूरकडे. तेव्हा माझं बॅटरीचं दुकान होतं."

"मागच्या गुरुवारी तुमचं रसवंतीगृह होतं," तांबोळी म्हणाले.

"रसवंती उन्हाळ्यात. बॅटरी बारमाही. ऐकायचंय की नाही?"

आत मिक्सरनं सूर धरला होता. मी पाय वर घेतले.

माझ्या दुकानाला लागून सरस्वती टायपिंग इन्स्टिट्यूट होती. गजानन नावाचा गृहस्थ चालवायचा. एके काळी त्या हॉलमधून सकाळी सहापासून असा खडखडाट निघायचा की माझ्या दुकानातल्या बाटल्या हलायच्या. मग कॉम्प्युटर आले, मशिनं एकेक करून गप्प झाली. साठेक पोरी तेवढ्या अजून यायच्या, सरकारी परीक्षेची मान्यता होती म्हणून. गजाननानं हॉलच्या मागच्या अंगाला प्लायवूडची केबिन ठोकली, त्यात एक कॉम्प्युटर बसवला, टेलिफोनची वायर आत ओढली आणि दार लावून घेतलं.

"आत काय करायचा?" पोफळ्यांनी विचारलं.

"तुमचा नातू करतो तेच. फक्त नातवाच्या टोकाला मिक्सर आहे. गजाननाच्या टोकाला होत्या परदेशातल्या त्या साइटी. मोठ्यांच्या. ज्यांच्या दारावरच लिहिलेलं असतं, की अठराच्या आतल्यांनी आल्या पावली परत फिरावं."

तांबोळींची बशी ओठाशीच थांबली.

"तौबा," ते म्हणाले. "मग?"

गजानन चित्रं काढायचा नाही, विकायचा नाही, आणि खरं सांगू, बघायचासुद्धा नाही. तो फक्त लोकांना तिकडे धाडायचा. जत्रेत तंबूबाहेर भोंगा घेऊन उभा असतो ना, तो गजानन. पुढं अमेरिकेतली कंपनी, तिला म्हणायचं स्पॉन्सर. तिच्यासाठी हा इंग्रजीत चार ओळींच्या जाहिराती टाइप करायचा. पण सगळं इंग्रजी टायपिंगच्या पुस्तकातलं! 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, काइंडली क्लिक बिलो.' आणि तिकडचे लोक, देवाची शपथ, धडाधड क्लिक करायचे. इतक्या अदबीनं त्यांना त्या दारात आजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

पोफळे मान हलवत हसले. मी मात्र हसलो नाही, कारण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. गावात दुसरी टायपिंगची संस्था होती. तिच्या मालकाला कुणकुण लागली आणि त्यानं पोलिसात अर्ज केला. आता तुम्हीच विचार करा. तालुक्याचं गाव. एक शब्द कागदावर चढून बाहेर आला असता तर मान्यता गेली, पोरी गेल्या, गजानन आत, आणि त्याच्या बायकोला त्या गावात नळावर उभं राहता आलं नसतं. पोरींच्या आयांनी तिला तिथंच घागरींनी हाणली असती.

मिक्सर थांबला.

मी चहाचा घोट घेतला. आत डबा उघडल्याचा आवाज आला, मग झाकण लागल्याचा. मिक्सर पुन्हा घरघरला.

"पुढे," तांबोळी म्हणाले.

एप्रिलची दुपार. डांबर मऊ झालेलं. मी दुकानात एका ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतो. जीप आली आणि फौजदार घोलप उतरले. नवीन बदलून आलेले, हातात रूळ, आणि तो रूळ सारखा स्वतःच्याच मांडीवर मारायची सवय. मागे हवालदार टिके, कागद आणि कार्बन घेऊन. घोलपांनी माझ्याकडे बघितलं.

"ए बॅटरीवाल्या. हात पूस आणि चल. पंच पाहिजे."

दुसरा पंच बाबू पानवाला. तो ठाण्याचा ठरलेला. बाबूनं आयुष्यात इतक्या पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या की कागद कोरा असतानाच खालच्या कोपऱ्यात सही टाकून मोकळा व्हायचा आणि पान लावायला निघून जायचा. त्या दिवशीही त्यानं सही केली आणि केबिनच्या दाराला टेकून डोळे मिटले.

केबिन केवढी? या सोफ्याएवढी. आत कॉम्प्युटर आणि खुर्ची एकच. रेक्झिन फाटलेली, आतला काथ्या बाहेर. घोलपांना माउस हलवता येत नव्हता, टिक्यांना कॉम्प्युटरला हात लावायची भीती, म्हणून खुर्चीत गजाननालाच बसवलं. आम्ही बाकीचे उभे, एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत.

"दाखव," घोलप म्हणाले.

गजाननानं पान उघडलं. पण ते चित्रांचं नव्हतं, हिशेबाचं होतं. रोज स्पॉन्सरकडून येणारं पान, त्यावर नुसते इंग्रजी शब्द आणि पुढे आकडे. चित्रं त्याच्या मागच्या पानावर. एक टिचकी मारली की समोर.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

भारनियमन! तेव्हा रोजच होतं. वरचा पंखा मरत मरत थांबला. हॉलमधल्या पोरी 'ओऽऽ' करून ओरडल्या. स्क्रीन मात्र चालू, कारण खाली यूपीएस. तो बोंबलायला लागला. टूंक. टूंक. टूंक.

"हे काय?" घोलप दचकले.

"बॅटरीवर आहे साहेब," गजानन म्हणाला. "चालेल अजून."

आता गंमत ऐका. ती बॅटरी मी दिलेली होती. नवी म्हणून दिली होती, पण होती जुनीच, नुसता कागद नवा चिकटवलेला. ती किती वेळ दम धरेल हे त्या गावात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

"लबाड!" पोफळे म्हणाले.

"धंदा," मी म्हणालो. "टिक्यांनी जमिनीवर बसकण मारली, गुडघ्यावर कागद घेतला आणि सुरुवात केली. 'आम्ही खालील पंच, समक्ष हजर राहून…' आणि मी म्हणालो, 'साहेब, एक अडचण आहे.'"

"काय?" घोलपांनी विचारलं.

"मला समजल्याशिवाय मी सही करत नाही."

"समजायचंय काय त्यात? दिसतंय ते लिहायचं, वाचून दाखवायचं, तू सही ठोकायची."

"मागं एकदा अशीच ठोकली होती साहेब. साक्षीला कोर्टात उभा राहिलो. वकिलानं विचारलं, तुमच्यासमोर काय जप्त केलं? मी म्हणालो, म्हैस. निघाली मोटारसायकल. जज्जसाहेबांनी मला सोडून फौजदारालाच झापलं."

घोलपांचा रूळ मांडीवर थांबला. नवी बदली, पहिली मोठी केस. टूंक, टूंक.

"सांग रे याला," ते गजाननाला म्हणाले. "लवकर."

मी वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे हिट म्हणजे काय?"

"पानावरचं जे जे उघडतं, त्या प्रत्येकाची मोजणी," गजानन म्हणाला. "एक माणूस आला तरी दहा-वीस हिट पडतात."

"एक माणूस आणि वीस? कसं काय बुवा?"

"अरे, असं… लग्नाच्या पंगतीत एकच पाहुणा वीस पत्रावळी खराब करतो, असं समज."

"मग खरी माणसं किती आली?"

"ती खाली. युनिक. तोच माणूस पुन्हा आला तरी एकदाच धरायचा."

"म्हणजे तोंडं. हिट म्हणजे पत्रावळी आणि युनिक म्हणजे तोंडं." मी टिक्यांकडे वळलो. "लिहा."

"असं लिहू?" टिक्यांनी फौजदारांकडे पाहिलं. "साहेब, इंग्रजी शब्दच टाकतो की."

"इंग्रजी टाका आणि सही इंग्रजांची घ्या," मी म्हणालो. "मला समजतं ते लिहिलं तर माझी मिळेल."

"लिहा हो!" घोलप ओरडले. "पुढं."

"कुकी?"

"कोण कुणी धाडला ते कळायला खूण असते. माणसाच्या नकळत लागते."

"म्हणजे बैलबाजारात दलाल शिंगाला आपला रंग फासतो तसं?"

"हो, तसंच. बैल मागाहून कधीही विकला गेला तरी दलाली त्या रंगवाल्याला."

"लिहा टिके. शिंगाचा रंग."

केबिनमध्ये अशी उकड की टिक्यांच्या नाकावरचा घाम कागदावर ठिबकत होता. शाई फुटत होती, ते एक शब्द खोडत होते आणि पुन्हा लिहीत होते. बाहेर पोरींची कुजबुज. कुणीतरी दारापर्यंत येऊन बाबूच्या खांद्यावरून आत डोकावायची आणि पळायची. यूपीएसनं ठेका जरा वाढवला होता.

"कन्व्हर्जन?"

"आलेल्यांतले किती आत जाऊन बसले, ते."

"किती बसले?"

"शंभरात एखादा."

"एकच?" हे घोलप बोलले. "मग बाकीचे काय करतात?"

"वास घेऊन जातात साहेब."

टिके खुदकन हसले आणि घोलपांनी बघितल्यावर खोकले.

मी मुद्दाम सावकाश डोकं खाजवलं. "आता हे रिबिल. ते सांग."

"पहिले दोन-तीन दिवस नाममात्र दरात बघायला देतात, त्याला ट्रायल म्हणतात. मग माणसानं 'नको' म्हणायचं विसरलं की महिन्याच्या महिन्याला आपोआप कापून घेतात. तो माणूस बघो न बघो."

"हा तर दुधाचा रतीब," मी म्हणालो. "आमच्याकडं गवळी असाच. आम्ही गावाला गेलो तरी दारात दूध ओतून जायचा."

"तू मधे मधे तुझा गवळी आणू नको," घोलप म्हणाले. त्यांचा रूळ आता मांडी सोडून प्लायवूडवर वाजत होता. "किती राहिलेत?"

"थोडेच साहेब. हे शेव्हिंग म्हणजे काय रे? दाढी?"

गजानन पहिल्यांदाच जरा सरळ बसला. त्याचं दुखणं तेच होतं. म्हणाला, "मी शंभर माणसं आत पोचवली, तर स्पॉन्सर मला ऐंशीच दाखवतो. वरची वीस गुपचूप स्वतःच्या नावावर. विचारायची सोय नाही. मोजणी त्याच्याच हातात."

"म्हणजे काटा मारतो," मी म्हणालो. "उसाच्या गाडीचा मारतात तसा."

आणि घोलपांचा रूळ थांबला.

"तिकडंही मारतात?" त्यांनी विचारलं.

"सगळेच मारतात साहेब."

"अमेरिकेत?"

"अमेरिकेत."

घोलपांच्या कपाळावर शीर उभी राहिली. त्यांच्या घरचा ऊस होता. थोरल्या भावानं गाडी भरून कारखान्याच्या काट्यावर न्यायची, काट्यावरच्यानं आकडा सांगायचा, भावानं मान खाली घालून चिठ्ठी घ्यायची. लहानपणापासून त्यांनी ते बघितलेलं. ते सांगायला लागले. रस्त्यावर दुसऱ्या काट्यावर तीच गाडी कशी जास्त भरली, भावानं भांडण कसं काढलं, मग कारखान्यानं त्याची मोळी आठ दिवस कशी उन्हात वाळवत ठेवली. टिके लिहायचं सोडून ऐकत बसले. बाबूनंसुद्धा एक डोळा उघडला. खाली यूपीएस टूंकटूंक करत एकसारखा धावायला लागला होता आणि मी आपला म्हणत होतो, 'मग? मग साहेब? मग भावानं काय केलं?'

एकदम घोलपांना भान आलं.

"बास!" ते म्हणाले. "बास झालं. आता चित्र दाखव. चल, मार टिचकी."

गजाननाचा हात माउसवर गेला. माझ्याकडं बघितलं त्यानं. मी म्हणालो, "साहेब, एकच राहिलं. चार्जबॅक. ते कळलं की सही."

आणि बरं का, त्या क्षणी गजाननाला उमगलं. इतका वेळ त्याला वाटत होतं की हा बॅटरीवाला मठ्ठ आहे आणि याच्या मठ्ठपणापायी आपली अब्रू चव्हाट्यावर मांडली जातेय. डोळ्यांपुढं नळ, नळावरच्या बायका. आणि एकदम ते 'चार्जबॅक' कानावर पडलं, बॅटरीवाल्याचे डोळे दिसले, आणि कळलं. हा विचारत नाहीये. हा वेळ काढतोय. मग त्यानं माउसवरचा हात उचलला आणि अगदी वर्गात शिकवावं तसं सांगायला घेतलं.

"चार्जबॅक म्हणजे असं बघा. समजा एक गृहस्थ आहे. त्यानं रतीब लावला. महिना झाला, बँकेचं बिल घरी आलं. ते पडलं बायकोच्या हातात. बायको विचारते, हे काय हो? गृहस्थ म्हणतो, अगंबाई, मला काय माहीत, कुणीतरी माझं कार्ड चोरलं असणार. बायको म्हणते, मग बँकेला फोन करा. आत्ता. माझ्यासमोर. गृहस्थाला करावाच लागतो. बँक पैसे परत घेते. स्पॉन्सर ते माझ्याकडून कापतो, वर दंड लावतो. म्हणजे साहेब, बघितलं त्यानं, खोटं बोलला तो, आणि—"

टूंऽऽऽऽऽ.

स्क्रीन मधोमध एका ठिपक्याएवढी झाली आणि काळी पडली. मला तर हसावं की रडावं कळेना. खुर्चीतून उठायला गेलो तर फाटक्या रेक्झिनचा काथ्या घामानं पाठीला चिकटलेला, आणि—

पोफळ्यांनी टीपॉयवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

मी घाईघाईनं पुढं निघालो. "आणि घोलप म्हणाले, चालू कर! गजानन म्हणाला, लाइट संध्याकाळी येईल साहेब. संध्याकाळी घोलपांना मंत्र्याच्या सभेचा बंदोबस्त. ते म्हणाले, मग यंत्र जप्त करा. यंत्र म्हणजे कोणतं? बॅटरीवाला म्हणाला, साहेब, दिसत होतं ते या काचेत दिसत होतं. टिक्यांनी मॉनिटर उचलला, मांजरपाटात बांधला, लाख लावून सील केला. बाकी सगळं टेबलाखाली तसंच. आणि पंचनामा वाचून दाखवला. मला अजून पाठ आहे."

मी सोफ्यावर सरळ बसलो आणि हवालदार टिक्यांच्या आवाजात म्हणालो:

"सदर इसमाचे यंत्रात आज रोजी एकूण पत्रावळी नऊ हजार व त्यांवर खाणारी तोंडे फक्त चारशे असल्याचे दिसून आले. बहुतांश तोंडे वास घेऊन निघून गेली. सदर इसम आलेल्या बैलांच्या शिंगांस त्यांच्या नकळत रंग लावतो. तीन इसमांनी रतीब लावला असून पैकी एकाने बायकोच्या धाकाने मोडला. समोरचा कारखाना काटा मारीत असल्याची सदर इसमाची तक्रार असून ती रास्त वाटते. तदनंतर अंधार झाला."

तांबोळींनी बशी खाली ठेवली, पोटावर हात धरला आणि आवाज न करता हलायला लागले.

"वरच्या साहेबांनी तो कागद वाचला," मी म्हणालो, "आणि घोलपांना विचारलं, तुम्ही धाड टायपिंगच्या क्लासवर घातली की आचाऱ्याच्या घरावर? मॉनिटर तपासला, त्यात काय सापडणार? प्रकरण तिथंच मिटलं. गजाननानं त्याच संध्याकाळी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा विहिरीत टाकला आणि पुन्हा टायपिंगच्या मशिनांना तेल घालायला लागला. मान्यता राहिली, पोरी राहिल्या. त्याच्या बायकोला तर नळावर कुणी हूं की चूं केलं नाही."

"आणि बॅटरीवाला?" तांबोळींनी डोळे पुसत विचारलं. "म्हणजे तुम्ही?"

"माझं काय व्हायचं? बाबू पानवाल्यानं सगळ्या गावात केलं. दुकानात जो येईल तो विचारायचा, काय शेठ, हिट म्हणजे काय? शेंबडी पोरं रस्त्यातून ओरडायची. मठ्ठ्या म्हणायचे. मी आपला हसायचो."

"राग नाही आला कधी? सांगून टाकावं वाटलं नाही, की मुद्दाम केलं?"

"सांगितलं असतं तर गजानन अडकला असता ना. आपली अक्कल आपल्याला ठाऊक असली म्हणजे झालं." मी हात झटकले. "तर पोफळे, नातवाला सांगा, मराठीत सगळे शब्द आहेत."

पोफळे माझ्याकडं बघत नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मिक्सर बराच वेळ बंद आहे.

स्वयंपाकघराच्या दारात कमल उभी होती. हाताला चटणी लागलेली, तो हात तिनं पदरापासून लांब धरला होता.

"खुर्ची एकच होती म्हणालात ना?" ती म्हणाली.

"कोणती खुर्ची?"

"केबिनमधली. एकच होती, आणि तिच्यात गजानन बसलेला. बाकी सगळे उभे."

"हो. मग?"

"मग स्क्रीन काळी झाल्यावर खुर्चीतून उठायला कोण गेलं?"

तांबोळींनी बशी उचलली. ती रिकामी होती, तरी त्यांनी फुंकर मारली.

"बोलण्याच्या ओघात जातं गं असं," मी म्हणालो. "गजानन उठला, मी म्हटलं—"

"कोण गजानन? आपल्या गल्लीत गजानन नावाचं कुत्रंसुद्धा नव्हतं." ती पोफळ्यांकडं वळली. "भाऊजी, टायपिंगचा क्लास यांचा. खुर्चीत हे. बॅटरीचं दुकान होतं सोपानदादाचं." चटणीचा हात तिनं भिंतीवरच्या फोटोकडं केला. "दर राखीपौर्णिमेला मी त्याला ओवाळायची. आणि बॅटरी त्यानं जुनी नव्हती हो खपवली. नवी घ्यायला यांचा हात पुढं होईना, म्हणून यांनीच त्याच्या भंगारातली मागून आणली होती."

"कमल, अगं गोष्ट आहे ही—"

"गोष्टच आहे. मी कुठं नाही म्हणते? रोज नवी सांगा. रसवंती काढा, विमान चालवा." तिचा आवाज चढला नव्हता. "पण सोपानदादाच्या मयताला जमलेल्यांत मागं उभं राहून एकजण म्हणाला, गेला बिचारा, शेवटपर्यंत हिट म्हणजे काय ते कळलं नाही त्याला. लोक हसले. तुम्ही तिथंच होता, खाली बघत. मठ्ठपणा त्यानं तुमच्यासाठी जन्मभर पांघरला. आता तो नाही, तर निदान त्याची अक्कल तरी त्याच्याच नावावर राहू द्या."